गव्हाणी घुबड की समुद्री शेवाळ?

शेताला जास्त कामाचं काय, गावातलं घुबड की बाटलीतलं शेवाळ? कृषी केंद्रात गेलं की हल्ली समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली हमखास पुढं येते. अशा अर्कांतलं नेहमीचं शेवाळ म्हणजे ॲस्कोफायलम. तपकिरी, उत्तर अटलांटिकच्या थंड, खडकाळ किनाऱ्यावरचं. फांदीवर साधारण वर्षाला एक हवेचा फुगा धरतो, त्यावरून वयाचा अंदाज येतो. ताण पडलेल्या कपाशीला त्याच्या फवाऱ्यानं उभारी मिळू शकते, पण नत्र-स्फुरदाची जागा तो घेत नाही.

गव्हाणी घुबड मात्र आपल्या गावातच आहे, पडक्या वाड्याच्या माळ्यावर. पत्त्यातल्या बदामासारखं तोंड, एक कान जरा वर तर दुसरा जरा खाली. म्हणून गडद अंधारातही नुसत्या आवाजावर उंदीर धरतं. माळ्याखाली पडलेली, घुबडानं ओकून टाकलेली एक काळी गोळी मी काडीनं उकलली, तर केसांच्या गुंत्यात उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. आमच्या हरभऱ्याचे घाटे कुरतडणारेच हे! आणि अशा पाखराला अशुभ म्हणून पोरं दगड मारतात, जीव तुटतो.

पीक ताणात असेल तर अर्क जरूर घ्या. उंदरांसाठी धुऱ्यावर पक्षीथांबे रोवा, आणि विषाच्या गोळ्या टाळा. विष खाल्लेला उंदीर शेवटी घुबडाच्याच पोटात जातो.