कणव यावी असा नायक, की नजर हटू नये असा?

पहिली पटकथा लिहायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एका टप्प्यावर हा निर्णय घ्यावा लागतो. नायक कसा ठेवायचा? पहिल्या सीनपासून प्रेक्षकाला ज्याची माया लागेल असा? की आवडो न आवडो, पण आता हा काय करतो याकडे डोळे लागून राहतील असा? दोन्ही वाटांनी उत्तम सिनेमे झालेले आहेत. पण प्रत्येक वाटेवर लिहिणाऱ्याचा घाम वेगवेगळ्या पानांवर निघतो. ते आधी माहीत असेल तर निवड सोपी जाते.

बोलायच्या सोयीसाठी मी पहिल्याला ‘सोसणारा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘झपाटलेला’. नायक म्हटलं की त्यात नायिकाही आलीच.

हा वाद आजचा नाही. अ‍ॅरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ‘पोएटिक्स’मध्ये शोकात्मिकेच्या नायकाबद्दल लिहून ठेवलं आहे, की तो अगदी सद्गुणाचा पुतळा नको आणि पक्का दुष्टही नको. ज्याच्या वाट्याला नको तेवढं दुःख आलं त्याची दया येते आणि जो आपल्यासारखाच आहे त्याच्यासाठी भीती वाटते, हे त्याचं निरीक्षण आजही जसंच्या तसं लागू पडतं. आपल्याकडे नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार केले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. यातल्या शेवटच्याकडे मी नेहमी बोट दाखवतो. उद्धट, तापट माणसालाही परंपरेने नायकाच्या पाटावर बसवलं आहे. फक्त चौघांच्याही नावात ‘धीर’ मात्र आहे. आणि मूळ शब्दाकडे गेलं तर नायक म्हणजे नेणारा. कथा पुढे नेणारा. सगळं दुःख सोसलं पण कथा कुठेच नेली नाही, तर ते पात्र भलं असेल, नायक नसेल. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर करणार आहे.

पहिली दहा पानं

इथे सोसणारा सरळ बाजी मारतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशोब असतो, म्हणजे दहा पानांत आपल्याला दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात माणसावर अन्याय होताना दाखवला, कुणीतरी त्याचा पाणउतारा केला, की प्रेक्षक त्याच्या बाजूला येऊन उभा राहतो. पटकथाकार ब्लेक स्नायडरच्या 2005 सालच्या पुस्तकापासून ‘सेव्ह द कॅट’ हा शब्दप्रयोग पटकथाकारांच्या तोंडी बसला. नायकाला सुरुवातीलाच एखादं भलं काम करताना दाखवा, म्हणजे तो आपलासा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ. सल्ला चुकीचा नाही. पण तो इतका यांत्रिकपणे वापरला जातो की नायकाने रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घातलं की वाचणारा मनात म्हणतो, झालं, खूण करून झाली.

हेच काम नीट कसं करतात ते बघायचं असेल तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 1954 सालचा ‘सेव्हन सामुराई’ बघा. प्रौढ सामुराई, म्हणजे जपानी योद्धा, कांबेई पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो नदीकाठी बसून आपली शेंडी कापून घेत असतो. एका चोराने लहान मुलाला ओलीस धरलंय आणि त्याच्याजवळ जायचं तर भिक्षूचं सोंग घ्यावं लागणार, म्हणून. सामुराईची शेंडी म्हणजे त्याची इभ्रत. जमलेले लोक अवाक होऊन बघत राहतात आणि हा शांतपणे डोकं पुढे करतो. मग भिक्षूची वस्त्रं घालून, हातात भाताचे गोळे घेऊन तो आत शिरतो आणि मूल वाचतं. या सीनमध्ये चांगुलपणा आहेच. पण आपल्याला बांधून ठेवतात त्या आणखी तीन गोष्टी: त्याच्याकडे युक्ती आहे, ती पार पाडायचं कसब आहे, आणि तो स्वतःचं काहीतरी मोजतो आहे. फुकटचा चांगुलपणा लक्षात राहत नाही. पदरचं काहीतरी गेलं की राहतो.

झपाटलेल्या नायकाची पहिली दहा पानं अवघड असतात. तो तुसडा असेल, खोटं बोलत असेल, कुणाला तरी वापरून घेत असेल. त्याला उगाच गोड करायला जाऊ नका, दोन्हीकडून जातं. त्याऐवजी तो एखाद्या गोष्टीत वाकबगार आहे हे दाखवा. कुलूप उघडणारे हात असोत, हिशोबातली चूक पकडणारी नजर असो, कसबी माणसाचं काम बघत राहावंसं वाटतं, तो कसाही असला तरी. दुसरं म्हणजे त्याला जे हवंय ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘त्याला सन्मान हवाय’ यावर कॅमेरा लावता येत नाही. ‘त्याला ती सही हवीय’ यावर लावता येतो.

मधली साठ पानं

खरी परीक्षा इथे असते आणि इथेच पारडं फिरतं.

माझ्या सुरुवातीच्या एका पटकथेत खोट्या आरोपावरून नोकरी गेलेला शिक्षक होता. पहिल्या वीस पानांत मी त्याच्यावर चार संकटं घातली होती. वाचणाऱ्याचे डोळे ओले झाले पाहिजेत, एवढंच डोक्यात. एका मैत्रिणीला ड्राफ्ट दिला. दोन दिवसांनी ती म्हणाली, “फार वाईट वाटलं रे त्याचं. पण पन्नासाव्या पानावर ठेवलाय. वाचते उद्या.” तिला वाईट वाटलं होतं, हे खरं. आणि तरीही तिने पान उलटलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक सीनच्या समासात लिहीत गेलो, इथे निर्णय कुणी घेतला. पन्नास पानांत माझ्या शिक्षकाने दोन निर्णय घेतले होते. बाकी सगळे मुख्याध्यापकाने, बायकोने, वकिलाने आणि नशिबाने.

सोसणाऱ्या नायकाचं दुखणं हेच आहे. दया ही साठवून ठेवता येत नाही. पहिल्या संकटाला डोळे भरतात, तिसऱ्याला उसासा येतो, पाचव्याला प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतो. मराठीत कणव आणि कीव असे दोन शब्द आहेत, त्यांच्यातलं अंतर लिहिणाऱ्याने कायम मनात ठेवावं. कणव शेजारी बसून वाटते, कीव वरून खाली बघून. नायक नुसताच सोसत राहिला की कणवेची कीव होते. आणखी एक होतं: सगळे निर्णय खलनायक घेतो, म्हणून चांगले संवाद त्याच्याकडे जातात, कथाही तोच नेतो. मग मूळ अर्थाने नायक कोण उरला?

झपाटलेला नायक मध्यावर स्वतःच इंजिन होतो. त्याला काहीतरी हवंय, त्यासाठी तो चुकीचं पाऊल टाकतो, ते निस्तरायला दुसरं टाकतो. पुढचा सीन मागच्या सीनच्या पोटातूनच निघतो. लिहिताना ‘आता काय घडवू?’ असं विचारत बसावं लागत नाही.

एकच सीन, दोन तऱ्हांनी

रात्रपाळी. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दोन रक्तनमुन्यांची लेबलं अदलाबदल झाली आहेत. आपली नायिका तिथे कामाला आहे.

पहिली तऱ्हा: चूक सहकाऱ्याची आहे, पण वरिष्ठ सगळ्यांसमोर हिला झापतो. ही मान खाली घालते. सहकारी गप्प. ही बाहेर जाऊन खिडकीपाशी उभी राहते, डोळे पुसते.

दुसरी तऱ्हा: चूक तिचीच आहे. पहाटेचे पावणेतीन. रिपोर्ट वॉर्डात पोचलेला आहे आणि सहा वाजता डॉक्टर राउंडला येणार. ती फोन उचलते, खाली ठेवते. ट्यूबवरचं लेबल नखाने सोलते, अर्धं निघतं, अर्धं चिकटून राहतं. मग सुई आणि नवी ट्यूब घेऊन वॉर्डात जाते. रुग्ण जागाच असतो. “परत?” तो विचारतो. “मशीन बिघडलं होतं,” ती म्हणते. तो हात पुढे करतो. “सगळं ठीक आहे ना?” ती त्याच्याकडे न बघता म्हणते, “हो.”

पहिल्या सीनमध्ये ती निर्दोष आहे आणि दुसऱ्यात खोटं बोलते आहे. तरीही दुसरीसोबत आपण वॉर्डात जातो, घड्याळाकडे बघतो, ती पकडली जाऊ नये असं आपल्याला वाटतं. तिच्या खोटेपणात आपण सामील झालेलो असतो. कणव यायला निर्दोष असावंच लागतं, हा समज इथे गळून पडतो.

आता यात एकच ओळ घाला. सुई टोचण्याआधी ती आपले गार पडलेले हात एकमेकांवर चोळून गरम करते आणि मगच त्याचं मनगट धरते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. चांगुलपणासाठी वेगळा सीन लिहावा लागला नाही, तो कामाच्या ओघात आला. एवढी ऊब झपाटलेल्या नायकाला पुरते. जास्त घातली तर वाचणाऱ्याला वशिला लावल्यासारखी वाटते.

शेवटाकडे

सोसणारा नायक शेवटी नुसता सुटला तर देवाने सोडवल्यासारखं वाटतं. त्याला शेवट कमवावा लागतो. ‘बायसिकल थीव्ज’ हा इटालियन सिनेमा, 1948. नायकाची नोकरी सायकलवर अवलंबून आहे, बायकोने घरातल्या चादरी देऊन ती गहाणातून सोडवली आहे, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. कागदावर हा सोसणाऱ्याचा नमुना. पण सिनेमाभर तो लहान मुलाला घेऊन वणवण शोधत फिरतो, स्वस्थ बसत नाही. आणि शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो, मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. आपल्या मनात त्याची सगळ्यात जास्त कणव दाटते ती नेमकी तो गुन्हा करतो तेव्हा. मला वाटतं, सोसणारा नायक लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा शेवट सुटा करून, तुकडा-तुकडा अभ्यासावा.

झपाटलेल्याचा धोका उलटा. तो इतका देखणा, इतका हुशार होऊन बसतो की त्याने केलेल्या नुकसानाची किंमत कुणी मोजतच नाही. 1972 च्या ‘गॉडफादर’मध्ये माफिया टोळीच्या म्होरक्याचा मुलगा मायकल रुग्णालयात येतो तेव्हा बापाच्या खोलीवरचा पहारा गायब असतो. तो आणि भेटायला आलेला एक बेकरीवाला दारात पहारेकरी असल्याचं सोंग करून उभे राहतात. मारेकऱ्यांची गाडी निघून गेल्यावर बेकरीवाल्याच्या थरथरत्या हातांना सिगारेट पेटवता येत नाही. मायकल ती पेटवून देतो आणि त्याच्या लक्षात येतं, आपला हात थरथरत नाहीये. बापावरचं प्रेम आपल्याला त्याच्या जवळ आणतं, आणि त्याच क्षणी त्या स्थिर हाताची भीतीही वाटते. पुढे तो जे होत जातो त्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते आणि सिनेमा ती दाखवायचं टाळत नाही. तुमच्या पटकथेत तो हिशोब नसेल, तर झपाटलेला नायक निवडू नका.

मग कुणी काय घ्यावं?

पंधरा मिनिटांची शॉर्ट फिल्म असेल तर सोसणारा नायक बिनधास्त घ्या. तिथे मधली साठ पानं नसतातच, दया शिळी व्हायच्या आत सिनेमा संपतो. वेब सिरीजसाठी मी झपाटलेलाच सुचवेन, कारण आठ-दहा भाग कुणी सोसतंय म्हणून बघत राहणं कठीण असतं. पूर्ण लांबीच्या सिनेमात, आणि तोही पहिलाच असेल, तर माझा कौल स्पष्ट आहे: झपाटलेल्या नायकापासून सुरुवात करा आणि त्याला ते गरम केलेले हात द्या. सोसणाऱ्याला मागाहून कर्ता बनवणं फार जड जातं. माझ्या शिक्षकासाठी मला सत्तर पानं फेकावी लागली. नव्या ड्राफ्टमध्ये तो बाराव्या पानावर शाळेचं हजेरीपत्रक चोरतो, आणि आरोप खोटा असूनही आता त्याच्या पिशवीत खरा गुन्हा आहे.

तुमची गोष्टच अन्यायाची असेल, खऱ्या माणसावरची असेल, तर सोसणारा टाळता येणार नाही आणि टाळूही नये. मग निदान दर दहा पानांत त्याच्या हातून एक निर्णय होऊ द्या. चुकला तरी चालेल.

अजूनही ठरत नसेल तर एकच महत्त्वाचा सीन दोन्ही तऱ्हांनी लिहा आणि दोन वेगळ्या माणसांना वाचायला द्या. ‘नायक कसा वाटला?’ हे विचारू नका, त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात. ‘पुढे काय होईल?’ हे विचारा, आणि कोण जास्त वेळ बोलतं ते ऐका.