ड्रायव्हर असलेली गाडी की नसलेली: रस्ता कोणापुढून ओलांडावा?

शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला सॅन फ्रान्सिस्कोला निघाल्यात. मेतकूट, डिंकाचे लाडू सगळं बांधून झालं, आणि परवा मला जिन्यात गाठून विचारतात, "तिकडे ड्रायव्हर नसलेल्या टॅक्स्या फिरतात म्हणे. रस्ता ओलांडायचा तो त्यांच्यापुढून, की माणूस बघून?" मी मुलाकडे तीन महिने राहून आलोय, म्हणून हा प्रपंच.

सिग्नल असेल तर प्रश्नच नाही. (दादर-माहीमच्या सिग्नलच्या दिव्यात 2020 पासून पुरुषाच्या चित्राऐवजी फ्रॉकवाली बाई चालते, तिकडे अजून बिनफ्रॉकचाच कारभार.) गोची होते ती नुसत्या 'स्टॉप'च्या पाट्या असलेल्या चौकात. तिथे कोण आधी, हे आपसात ठरवावं लागतं.

आपली दादरची पद्धत म्हणजे हात दाखवायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि निघायचं. रिकाम्या सीटपुढे ती चालत नाही. पहिला आठवडा मी सवयीने काचेतून आत बघायचो, तर स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये एका छोट्या गाडीला मोठाले फिरते डोळे बसवून पाहिले, ते का हे तेव्हा कळलं.

तरीही माझं मत फिरलं ते माणसामुळे. नेमकं सांगायचं तर डिपरमुळे. एका सकाळी दूध घेऊन येताना एक गाडी पाटीपाशी थांबली आणि तिने लाईट मारला. आपल्याकडे याचा अर्थ 'मी येतोय, थांब'. मी मागे सरलो. त्याने पुन्हा मारला, मी आणखी मागे. मग त्याने वैतागून दोन्ही हात पसरले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा 'तुम्ही जा' म्हणतोय. मी उतरलो आणि नेमका त्याच क्षणी तोही कंटाळून निघाला. करकचून ब्रेक. माझ्या बदललेल्या गुडघ्यापासून बंपर वीतभर. दुधाचा डबा रस्त्यावर. दोघंही एकमेकांना सॉरी म्हणत राहिलो.

बिनड्रायव्हरची गाडी लाईट मारून घाई करत नाही. थांबली की थांबली. फार तर अतिशहाणी म्हणा. मी कडेला बायकोची वाट बघत उभा, तर ही माझ्यासाठी खोळंबली. हाताने 'जा, जा' केलं, हलेना. मागचे हॉर्न मारायला लागले. शेवटी मीच चार पावलं मागे भिंतीला टेकलो, तेव्हा गेली.

बिनचूक मात्र समजू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच शहरात माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलेली बाई अशा एका गाडीखाली आली. ती गाडी थांबली, आणि मग कडेला जायच्या नादात बाईला सुमारे 20 फूट फरपटत घेऊन गेली. त्या कंपनीचा परवाना महिन्याभरात स्थगित झाला.

तेव्हा काकू, माझं आपलं मत असं: बाबागाडी हातात असेल तर ड्रायव्हर नसलेलीपुढून जा, चाकं पुरती थांबलेली बघून. माणसाला आधी जाऊ द्या.

फक्त ही सवय येताना विमानतळावरच सोडा. मी परतल्यावर दादर टीटीला एका टॅक्सीने डिपर मारला, म्हणून ऐटीत खाली उतरलो. ड्रायव्हर काचेतून डोकं काढून ओरडला, "काका, लाईट मारला ना तुम्हाला?"