व्हेरिएबल एनडी फिल्टर : २५ पी ला शटर १/५० वरच ठेवायचं असेल तर घ्याच

कोल्हापुरात लग्नं, कुस्त्या, रील शूट करणाऱ्या पोरांकडे आता एकाहून एक भारी कॅमेरे आलेत, जिंबल आलेत, पण दुपारच्या वरातीचं फुटेज लावलं की हलगीवाल्याच्या हातात एका काडीच्या जागी चार-पाच काड्या तुटक तुटक दिसतात आणि नाचणारी माणसं झटके खात नाचल्यासारखी वाटतात. लोक म्हणतात कॅमेरा बदल, लेन्स बदल. लेन्सचा काही दोष नसतोय, कॅमेरा ऑटोवर आहे आणि भर उन्हात त्याने शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळायचा वेळ) १/२००० सेकंदाच्या पुढं नेलंय एवढाच विषय.

२५ पी मधला पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, प्रत्येक फ्रेम अख्खी एकदम घेतलेली. पूर्वीचे टेपवाले कॅमेरे इंटरलेस्ड होते, सेकंदाला ५० अर्ध्या अर्ध्या फील्ड यायच्या, त्यामुळं हालचाल आपोआप गुळगुळीत दिसायची. २५ पी मध्ये सेकंदाला फक्त २५ चित्रं, मग दोन चित्रांमधली जागा भरून काढायचं काम मोशन ब्लरला, म्हणजे हलत्या वस्तूच्या पुसटपणाला, करावं लागतं. म्हणून शटर फ्रेम रेटच्या दुप्पट, २५ ला १/५०, ५० ला १/१००. यालाच १८० अंशाचं शटर म्हणतात, कारण जुन्या फिल्म कॅमेऱ्यात अर्धी उघडी चकती फिरायची, अर्धा वेळ उजेड आत आणि अर्धा वेळ बंद. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा घडवला त्या गावातल्या व्हिडिओवाल्यांना एवढं तरी ठाऊक असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण उन्हाची. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० ठेवलं तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ २२ पर्यंत बंद करावं लागतंय, म्हणजे मागचं सगळं फोकसमध्ये, चित्र मऊ पडतंय आणि सेन्सरवरची धूळसुद्धा आकाशात ठिपक्यांसारखी दिसते. एफ २.८ ठेवायचं म्हटलं तर शटर १/३२०० च्या आसपास जातंय. दोन्ही नको असेल तर लेन्ससमोर काळी काच, म्हणजेच एनडी फिल्टर, लावून उजेडच कमी करायचा, तिसरा रस्ताच नाही.

मी वापरतोय तो ८२ एमएमचा, २ ते ५ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), दोन्ही टोकांना खटकन अडणारा. चार-पाच हजारांच्या घरात या दर्जाचे दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, म्हणून नावापेक्षा काय बघून घ्यायचं तेच सांगतो. पहिलं म्हणजे ती टोकाची अडण पाहिजेच. हा फिल्टर म्हणजे दोन पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड आत सोडणाऱ्या काचा) एकावर एक, फिरवत गेलं की अंधार वाढत जातो, पण मर्यादेबाहेर फिरवला की फ्रेममध्ये मोठी काळी फुली उमटते आणि वाईड लेन्सला ती लवकर येते. एका मित्राकडं ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला आहे, त्याला अडणच नाही, २४ एमएमला नवरीच्या डोक्यावरच फुली आली आणि ती एडिटमध्ये निघत नाही भावांनो. दुसरं म्हणजे रंग. माझा किंचित पिवळट जातो, पण फिल्टर लावून मग व्हाईट बॅलन्स घेतला की काम होतं. स्वस्तातले हिरवट जातात, अंगाचा रंग आजारी दिसतो.

खरी मजा तालमीच्या अंगणात कळाली. लाल माती उकरत होते, सकाळचं तिरकं ऊन, २५ पी, १/५०, एफ ४, फिल्टर जवळजवळ पूर्ण फिरवलेला. फावड्यातून उडणारी माती मऊ रेघेसारखी आली, पैलवानाचा दंड थोपटतानाचा हात जरासा पुसट आणि चेहरा मात्र कडक. तोच शॉट फिल्टर काढून १/८०० वर घेतला तर मातीचा कण न् कण गोठलेला, बघायला एखादी फ्रेम झकास, पण चालवल्यावर सगळं खडखडत होतं. फोटो आणि व्हिडिओ यांची गरज उलटी असते ते तिथं डोळ्यांना दिसलं. स्लो मोशन करायचं असेल तर अर्थात हिशोब वेगळा, १०० फ्रेमला १/२०० लावा, ते बरोबरच आहे.

पॅन करताना मात्र फिल्टर वाचवणार नाही. २५ पी मध्ये कॅमेरा भर्रकन फिरवला की १/५० असूनसुद्धा चित्र थरथरतं, फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला जायला सातेक सेकंद तरी घ्या.

रंकाळ्यावर एक त्रास आहे तो सांगायलाच पाहिजे. पोलरायझर असल्यामुळं फिल्टर फिरवला की पाण्यातलं प्रतिबिंब कमीजास्त होतं, शालिनी पॅलेसची पाण्यातली सावली एका शॉटला ठळक आणि दुसऱ्याला गायब असं होऊ शकतं. निळ्या आकाशातही वाईडला एका बाजूला गडद पट्टा येतो. तिथं मी साधा ठरावीक ६ स्टॉपचा एनडी लावतो आणि उरलेलं ॲपर्चरवर सांभाळतो.

कार्यालयात शिरलं की फिल्टर काढून ठेवायचा, पण शटरला हात लावायचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, १/५० आणि १/१०० ला प्रत्येक फ्रेममध्ये सारखा उजेड येतो. १/६० लावलं की पट्टे सरकायला लागतात. मोबाइलवाल्यांनी म्हणूनच ३० फ्रेमला शूट करत असलात तरी आत १/५० च ठेवावं. स्टेजच्या एलईडी लाइटांचं मात्र काही सांगता येत नाही, त्यांची लुकलुक वेगळ्या गतीची असते, १/५० वरही पट्टे येतात, तिथं कॅमेऱ्यात शटर बारीक बारीक बदलायची सोय असेल तर स्क्रीनवर बघत पट्टे जाईपर्यंत हलवायचं.

कुणी घेऊ नये? लॉगमध्येच (रंग नंतर एडिटमध्ये चढवायचे असं फिकट फुटेज) शूट करणाऱ्यांनी हा २ ते ५ वाला घेऊ नये. ज्या कॅमेऱ्यात लॉग लावल्यावर आयएसओ ८०० च्या खाली जात नाही तिथं उन्हात एफ २.८ ला नऊ स्टॉप लागतात, त्यांनी ६ ते ९ वाला बघावा. बाकी सगळ्यांनी आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्यावा आणि लहान लेन्सना मोठा फिल्टर बसवणाऱ्या स्टेप-अप रिंग लावाव्यात, रिंगा दोन-तीनशेत मिळतात. लेन्सचं हूड मग बसत नाही, त्यामुळं सूर्य बाजूला असेल तेव्हा हाताची किंवा पुठ्ठ्याची सावली धरायला एक माणूस सोबत ठेवा.