चित्रजोड्यांचे पत्ते: दिवाळीपासून आजपर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीत मारुती चौकाजवळच्या एका दुकानातून चित्रांच्या पत्त्यांचा संच घेतला. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती, आता चार पूर्ण झाली. खेळ बहुतेकांना माहीत असेल. प्रत्येक चित्राचे दोन पत्ते, सगळे पालथे मांडायचे, एका चान्सला दोन उलटायचे. जोडी जमली तर ती आपली आणि पुन्हा आपलाच चान्स, नाही जमली तर दोन्ही जागच्या जागी पालथे. जर्मनीच्या राव्हेन्सबुर्गर कंपनीने १९५९ मध्ये ‘मेमरी’ या नावाने तो बाजारात आणला. त्याच्याही आधी लोक तो साध्या पत्त्यांच्या कॅटवर खेळत होते.

आमच्या संचात २४ जोड्या आहेत आणि डब्यावर ‘३ वर्षांपुढील’ असं छापलंय. पण एवढ्या लहान मुलापुढे सगळ्या २४ जोड्या मांडू नका. साधा हिशेब आहे: पहिला पत्ता उलटला की उरलेल्या ४७ पत्त्यांत त्याचा जोडीदार एकच असतो. चारच जोड्या मांडल्या तर सातांत एक. म्हणजे काहीही आठवत नसतानासुद्धा मधूनमधून जोडी लागते, आणि लहान मुलाला खेळात टिकवून धरायला ते लागतंच. आम्ही चार जोड्यांपासून सुरुवात केली, मग सहा, संक्रांतीच्या सुमारास आठ. आठ जोड्या चार बाय चार अशा नीट चौकोनात बसतात, त्यामुळे तो टप्पा आम्हाला सगळ्यात लाभला. आता बारा जोड्यांवर आहोत. मध्ये ती तापाने आजारी होती, तेव्हा आठवडाभर पुन्हा सहावर आलो. त्यात काही बिघडत नाही.

माझी खरी तक्रार चित्रांबद्दल आहे. हत्ती, केळं, छत्री, बस ही चित्रं तिने पहिल्या दिवसापासून बरोबर शोधली. पण संचात ब्लूबेरी आहे, रास्पबेरी आहे, बर्फावरची घसरगाडी आहे, वॉलरस (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) आहे. हे पत्ते समोर उघडे पडून पालथे झाले तरी तिच्या लक्षात राहत नव्हते. मग आम्ही नियमच केला की पत्ता उलटला की मोठ्याने नाव घ्यायचं. ज्याचं नाव येत नाही त्याला नाव आपण द्यायचं. वॉलरसचे ‘दातवाले आजोबा’ झाले आणि त्या दिवसापासून ती जोडी तिच्याकडेच जाते. मुलं या वयात मनातल्या मनात घोकत नाहीत, ते आपण त्यांच्या तोंडून करून घ्यावं लागतं. या खेळाचा निम्मा फायदा मला या नावं घेण्यातच दिसला. ‘करवत’, ‘चाळण’, ‘कंदील’ असे शब्द तिच्या बोलण्यात आले ते इथूनच.

दुसरी गोष्ट जागेची. आपण मोठी माणसं ‘दुसऱ्या ओळीतला तिसरा’ असं धरून ठेवतो. तिला ओळी कळत नाहीत. तिच्या लेखी ‘आईच्या बांगडीजवळ बस’, ‘आजीच्या गुडघ्याजवळ हत्ती’. सासूबाईंनी पाय अवघडला म्हणून जागा बदलली की तिचे अर्धे पत्ते हरवतात. म्हणून डाव चालू असताना बसण्याची जागा बदलायची नाही आणि जोडी उचलल्यावर मोकळी जागा तशीच ठेवायची. पत्ते सरकवून रांगा पुन्हा जुळवायचा मोह मोठ्यांना फार होतो. तो आवरा.

पत्त्यांचा दर्जा मध्यम. पुठ्ठा जाड आहे, पण कोपरे टोकदार होते, ते मी कात्रीने गोल केले. दोन पत्त्यांच्या पाठीवर डाग पडलेत आणि तिला ते पाठ झालेत, त्यामुळे त्या जोड्या बाजूला काढल्या. फरशीवरून सपाट पत्ता लहान बोटांना उचलता येत नाही, खाली सतरंजी घाला. घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. पुठ्ठ्याचा डबा महिन्याभरात फाटला. आता सगळे पत्ते नाडीच्या कापडी पिशवीत असतात.

चित्रांचा प्रश्न शेवटी घरीच सोडवला. जाड कार्डशीटवर फोटोंच्या दोन-दोन प्रिंट चिकटवल्या: द्राक्षाचा घड, हळकुंड, उसाची बैलगाडी, लाल एसटी, आयर्विन पूल, गणपती मंदिर, मिरजेची सतार. लॅमिनेशन मुद्दाम केलं नाही, कारण ट्यूबलाइटखाली पत्ता चकाकतो आणि हातातून निसटतो. पाठीला सगळीकडे एकाच रंगाचा कागद लावा, चित्र आरपार दिसलं तर खेळ संपला. हा संच विकतच्यापेक्षा कितीतरी जास्त चालला. सतार निघाली की सासूबाई त्यांच्या माहेरची, मिरजेच्या सतारमेकर गल्लीची गोष्ट सांगायला लागतात आणि डाव लांबतो. मला ते आवडतं.

हरल्यावर ती रडायची. त्यावर उपाय म्हणून पहिले दोन महिने सगळ्या जोड्या एकाच ताटात टाकल्या, सगळे मिळून ताट भरायचं. मोजून हार-जीत आत्ता कुठे सुरू केली. मोबाईलवरही हा खेळ मिळतो, तो आम्ही काढून टाकला. तिथे पत्ता हातात येत नाही, आणि समोरचा विचार करतोय तोवर थांबायचं असतं हे शिकायला समोर माणूसच नसतो.

घ्यायचाच असेल तर २४ जोड्यांचा महाग संच घेऊ नका. ओळखीच्या वस्तूंचा दहा-बारा जोड्यांचा, तळहाताएवढ्या पत्त्यांचा संच शोधा. चष्मा लावणाऱ्या आजी-आजोबांनाही मोठं चित्र सोयीचं पडतं. पुढच्या वर्षी मी सारख्या चित्रांऐवजी गाय-वासरू, कुलूप-किल्ली, सुई-दोरा अशा जोड्यांचा संच करणार आहे. कोणी आधी करून पाहिला असेल तर कोणत्या जोड्या मुलांना अवघड गेल्या ते जरूर लिहा.