लीच लेकवर जूनची मस्की : हलक्या संचाचा एका हंगामानंतरचा अनुभव

लीच लेक हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सरोवर. तिथे मस्कीचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या दातेरी शिकारी माशाचा, गळाने मासेमारीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो. पहिल्या तीन आठवड्यांसाठी नेहमीचा जड संच बाजूला ठेवून मुद्दाम हलका संच जुळवला आणि ऑक्टोबरपर्यंत तोच चालवला. रॉड साडेआठ फुटी, मीडियम हेवी, १ ते ५ औंसांच्या लूरसाठी (लूर म्हणजे कृत्रिम आमिष). रील ३०० साइजची लो-प्रोफाइल. लाइन ८० पौंडी ब्रेडेड (विणलेली), पुढे १०० पौंडी फ्लुरोकार्बनचा १४ इंची लीडर, म्हणजे लूरजवळचा दातांना न तुटणारा जाड तुकडा. लूर बहुतेक वेळा बकटेलच, म्हणजे केसांचा झुपका आणि पुढे फिरती पाती असलेलं; ८ नंबरच्या दोन पात्यांचं, साधारण दीड औंसाचं. जूनसाठी याहून चांगला संच सुचवता येणार नाही. शरद ऋतूत मोठी रबरी लूर फेकायची असेल, तर मात्र हा रॉड घेऊ नका. टोक दबतं आणि फेक अर्ध्यावर पडते.

लहान लूर का, हे माशाच्या वेळापत्रकावरून कळतं. मस्की पाणी ९ ते १५ अंश सेल्सियस असताना अंडी घालते. हंगाम उघडतो तेव्हा ती नुकतीच त्यातून बाहेर पडलेली असते. उथळ पाण्यात असते, पण दूरवर पाठलाग करत नाही. १० नंबरची मोठी पाती ऑगस्टमध्ये तिला चिडवतात. जूनमध्ये ती नुसती मागे येऊन परत फिरते. लीच लेकची आणखी एक खासियत आहे: इथल्या मस्की काठच्या दलदलीत अंडी घालत नाहीत, किनाऱ्यापासून दूर ३ ते ६ फूट पाण्यात, कारा नावाच्या शेवाळाच्या गालिच्यावर घालतात. म्हणून सुरुवातीला नुसते काठचे लव्हाळे झोडपण्यात दिवस घालवू नका. शेवाळाच्या या उथळ पठारांच्या बाहेरच्या कडेला, ६ ते ८ फुटांवर जिथे नवं हिरवं कॅबेज (रुंद पानांची पाणवनस्पती) उगवतंय, तिथे फेका. वॉकर बे हा सरोवराचा उपसागर खोल असल्याने उशिरा तापतो. उथळ उपसागर आधी. तापमापक दिवसभर बघत राहा. दुपारी दोन अंश चढलेला कोपरा सकाळच्या मोकळ्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगला.

बकटेल पाण्यात पडताच रॉडला एक छोटा झटका द्या, नाहीतर पाती सुरूच होत नाहीत आणि पहिले पाच-सहा फूट वाया जातात. पाती फिरताहेत हे मनगटाला जाणवतं. कंप थांबला की समजा गवत अडकलंय, किंवा लूरची मधली तार, जिच्यावर पाती बसवलेली असतात, ती वाकलीय. दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही: मासा सोडवताना मधली तार किंचित वाकते, आणि लूर एका बाजूला कलून चालू लागतं. पक्कडीने सरळ करता येते, पण दोन-तीनदा झाल्यावर ते लूर बाद करा. तार तिथेच तुटते.

आता होडीजवळचा आठ, म्हणजे लूरच्या मागे आलेल्या माशाला चावायला लावण्यासाठी रॉडच्या टोकाने पाण्यात काढायचा आकडा. मराठी ८ नव्हे, इंग्रजी आठाचा आडवा आकडा. लीडर रॉडच्या टोकापासून दीड फुटावर आला की रील थांबवा, टोक पाण्यात दोन फूट बुडवा आणि वळण घ्या. अरुंद वळणात लांब मासा वळूच शकत नाही, म्हणून प्रत्येक फेरा निदान चार फूट रुंद हवा. साडेआठ फुटी रॉडचा खरा फायदा इथे आहे. सात फुटीने एवढा फेरा होडीवरून नीट निघत नाही. वेग कमी करू नका, वळणावर किंचित वाढवा. मासा दिसो वा न दिसो, प्रत्येक फेकीला दोन फेरे. गढूळ पाण्यात तो खाली असतो आणि दिसत नाही.

झीज कुठे झाली? ब्रेडेड लाइन उत्तम टिकली. पण स्पूलवर आधी थोडी मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाइन) गुंडाळली नसती, तर ती जोर आल्यावर जागच्या जागी घसरली असती. लीडर मात्र दर दिवशी बोटांमध्ये धरून तपासा. दातांचा खरखरीत ओरखडा लागला की लगेच बदला, दुसऱ्या माशाची वाट पाहू नका. गळ कारखान्यातून पुरेसे धारदार येत नाहीत. कानशीने घासा, टोक नखावर घसरता कामा नये.

सगळ्यात जास्त समाधान ज्यावर खर्च करून झालं ती म्हणजे अवजारं: रबरी आवरणाचं खोल जाळं, ११ इंची लांब नाकाची पक्कड, आणि ५/० आकाराचा गळ एका दाबात तोडणारं कटर. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढा. सहज निघत नसेल तर ओढाताण नको, गळ तोडा. तो बदलता येतो. राज्याचा नियम ५४ इंचांखालची मस्की सोडण्याचाच आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मासा परत जाणार. उचलायचाच असेल तर एकदाच, आडवा, पोटाखाली हात घालून. पाणी २७ अंशांच्या आसपास गेलं, तर रॉड ठेवून द्या. एवढ्या कोमट पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.