गिझर निघाला, तरी पुन्हा हाच ब्लॉक घेईन : एएसीच्या घरातला अनुभव

मागच्या आठवड्यात बाथरूममधला पंधरा लिटरचा गिझर भिंतीतून निघाला. पूर्ण पडला नाही, एका बोल्टवर तिरपा लटकला. कंपनीचा माणूस आला, भोकात बोट घालून बघितलं, राखाडी पूड चिमटीत धरली आणि म्हणाला, "सर, वॉरंटीत भिंत येत नाही." बसवणावळीचे पैसे याच कंपनीने घेतले होते, साधे रॉलप्लग (स्क्रू धरायला भोकात बसवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या) यांच्याच माणसाने ठोकले होते. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्याने व्हिजिट चार्ज सोडला, मी तक्रार मागे घेतली, आणि दुरुस्तीचं सामान मीच आणलं. भरलेला गिझर वीस किलोच्या वर जातो, एवढं बसवणाऱ्याला माहीत असायला हवं की नाही?

एएसी म्हणजे ऑटोक्लेव्ड एरेटेड काँक्रीट, राख-सिमेंट-चुन्याचा, आत हवेची बारीक छिद्रं असलेला हलका ब्लॉक. त्यात जास्त वेळ घालवत नाही. जळगावात पिंप्राळ्याच्या पुढे घर आहे. बाहेरच्या भिंती २०० मिमीच्या, आतल्या १०० च्या. आर्किटेक्टने पर्यावरणाचं सांगितलं, मी हिशोबाचं ऐकलं. आमच्याकडची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायावर जेवढं वजन कमी तेवढं बरं. लाल विटेच्या भिंतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वजनात हे काम होतं. एक ब्लॉक दहा-बारा विटांची जागा घेतो, त्यामुळे मजुरीचे दिवसही वाचले. भाव काढताना ब्लॉक महाग वाटतो. जोडणीचा माल, प्लॅस्टर आणि लोखंड धरून मांडलं की तसा राहत नाही.

आता खिळ्यावर येतो, कारण घरात शिरल्यापासून माझा सगळा राग तिथेच आहे.

या भिंतीत साधा खिळा ठोकला तर तो जातो. अगदी सहज जातो, आणि तितक्याच सहज बाहेर येतो. कॅलेंडर राहतं, घड्याळ राहतं, वास्तुशांतीला आलेला आंब्याच्या पानांचा तोरणदोराही राहतो. पण बायकोने स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांची फळी मागितली आणि खरी गंमत सुरू झाली. सुतार अमळनेरकडचा. त्याने नेहमीप्रमाणे ड्रिलचा हॅमर चालू ठेवून भोक पाडलं, भोकाचा झाला खड्डा. लाकडी गट्टू ठोकला, तो स्क्रूसकट हातात आला. मागे सरकून भिंतीकडे बघत म्हणाला, "भाऊ, हाई भीत शे का पाव?"

पुढे बऱ्याच खटपटीने जे कळलं ते लिहून ठेवतो, कोणाचे तरी पैसे वाचतील. हॅमर बंद, नुसतं फिरतं ड्रिल. बिट प्लगपेक्षा किंचित बारीक. प्लग एएसीसाठीचा, लांब नायलॉनचा, बाहेरून आटे असलेला. इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत मागितला की आधी नेहमीचा पिवळा-पांढरा पुढे करतात, तो घ्यायचा नाही. भोक ब्लॉकच्या कडेला किंवा सांध्यात नको, मधोमध. भोकातली पूड फुंकून साफ करायची, नाहीतर प्लग पुडीतच फिरत राहतो. आणि गिझर, पाण्याची टाकी, टांगलेलं कपाट अशा वजनाला सरळ भिंतीतून आरपार बोल्ट, मागच्या बाजूला लोखंडी पट्टी. आता माझा गिझर तसाच आहे. मागची पट्टी बेडरूममध्ये दिसते, तिच्यावर बायकोने वारली चित्र लावलं. तेही पट्टीलाच अडकवलंय.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र बांधकामाच्या वेळीच आहे. गिझर कुठे, एसी कुठे, किचनचे वरचे कप्पे कुठे, एवढं कागदावर आधी ठरवा आणि तेवढ्या जागी ब्लॉकऐवजी काँक्रीटची पट्टी टाकून घ्या. खर्च किरकोळ. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, ठेकेदाराने सांगितलं नाही, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्येही नव्हतं. थर्मल कंडक्टिव्हिटी, म्हणजे ब्लॉकमधून उष्णता किती जाते, ते मात्र तिघांनाही तोंडपाठ.

भेगांचं थोडक्यात. कॉलम आणि भिंत जुळतात तिथे केसासारख्या भेगा आल्या. मेस्त्रीला विटा भिजवायची सवय, त्याने ब्लॉकवरही पाइप धरला. हा ब्लॉक पाणी पितो आणि वाळताना आकसतो. सांध्यावर कोंबडीजाळी मारायची ठरली होती, ती दोन खोल्यांत मारली, उरलेल्यांत राहिली. जाळीच्या खोल्यांत भेग नाही. ठेकेदाराचे शेवटचे पैसे मी याच कारणाने थांबवलेत.

आता उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे नव्याने सांगायला नको. पहिल्या मे महिन्यात मी या ब्लॉकवर वाईट शब्दांत लिहिणार होतो. दुपारी भिंतीला हात लावला तर गार, आणि खोलीत पंख्याखाली मात्र भट्टी. रात्री अकरापर्यंत छताकडे हात वर केला तरी धग लागायची. आबा गावच्या धाब्याच्या घरात वाढलेले, ते रोज ऐकवायचे की पांढऱ्या मातीच्या धाब्याखाली दुपारी घोंगडी लागायची. घोंगडीचं अतिशयोक्तीत धरू, पण मुद्दा खरा होता. धाब्यावर हातभर माती असते. माझ्या डोक्यावर होता सहा इंचाचा उघडा स्लॅब.

मग केंद्राची इको निवास संहिता वाचायला घेतली. २०१८ साली ऊर्जा दक्षता ब्युरोने काढलेली. त्यात भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट धरलीय, आणि छतासाठी वेगळा नियम आहे : यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा, १.२ पेक्षा जास्त नको. उघड्या स्लॅबची तीनच्या आसपास किंवा वर जाते. म्हणजे मी पैसे ओतले भिंतीत, आणि ऊन आत येत होतं वरून. २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी होती, त्यामुळे माझ्यासारख्या दीड हजार फुटांवाल्याला कोणी विचारलं नाही. राज्याच्या २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीतही पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती ५०० चौरस मीटरपासून आहे, आणि हरित इमारतीला मिळणारा ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) फक्त हरित रेटिंग घेणाऱ्यांना. रेटिंगची फी भरून कोण सामान्य माणूस बंगली बांधतो? आमच्या कॉलनीत तरी कोणी नाही. आणि खानदेशात बरीच घरं अशाच प्लॉटवर उठतायत.

तर गच्चीवर आधी चुना मारला. चुना, थोडा पांढरा सिमेंट, चिकटायला गोंद, दोन हात. अगदी किरकोळ खर्चात संध्याकाळची धग स्पष्ट कमी झाली. पुढच्या उन्हाळ्याआधी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घेतलं. तेव्हा कुठे ब्लॉकने आपलं काम दाखवलं. पश्चिमेची भिंत, जी शेजाऱ्याच्या लाल विटेच्या घरात संध्याकाळी सहानंतर तव्यावर हात ठेवावा तशी लागते, ती माझ्याकडे आतून नॉर्मल. कूलरवर भागलं, एसी घ्यायचा विचार पुढे ढकलला. म्हणून वर पुन्हा हाच ब्लॉक घेईन म्हटलं. एक त्रुटी सांगून ठेवतो. ही भिंत उष्णता आत येऊ देत नाही तशी बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून रात्री खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात. डासांच्या जाळीचा खर्च धरा.

पावसाळ्यात ओल एकाच ठिकाणी, खिडकीच्या चौकटीखाली. तो ब्लॉकचा दोष नाही, खालची पट्टी नीट भरली नव्हती.

कार्बनचं म्हणाल तर यात मी अर्धाच खूष आहे. लाल वीट भट्टीत हजार अंशाच्या आसपास भाजतात, कोळसा आणि शेतातली वरची माती दोन्ही जातात. हा ब्लॉक दाबाखालच्या वाफेत, दोनशे अंशांच्या आत तयार होतो आणि त्यात निम्म्याहून जास्त औष्णिक केंद्राची राख असते. उरलेला सिमेंट आणि चुना, ते काही निर्मळ नाहीत. पण राख आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राला डोंगराएवढी पडलेली, आणि माझे ब्लॉक आले गुजरातेतून, नवापूर-धुळे मार्गाने ट्रकने. डिझेल धरायचं कुठे? केंद्राच्या २०२१ च्या राख अधिसूचनेत औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेच्या विटा वापराव्यात, फक्त त्या इतरांपेक्षा महाग नसाव्यात, असं आहे. माझ्या परवानगीच्या फाईलमध्ये मात्र राखेचा 'रा' कोणी विचारला नाही. रस्त्यात तुटून आलेल्या ब्लॉकचे पैसे विक्रेत्याने वळते केले नाहीत, तो वेगळा विषय. अर्धे तुकडे मेस्त्रीने खिडक्यांच्या बाजूला खपवले म्हणून मीही ताणलं नाही.

आता कंपाउंडचं काम काढलंय. तिथे एएसी नाही, गेटची बिजागरी त्यात धरणार नाही आणि पाऊस दोन्हीकडून मारतो. भुसावळकडच्या राखेच्या विटांचा भाव काढलाय, लाल विटेपेक्षा थोडा खालीच बसतोय. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. अशा पाण्यावर राखेच्या विटेच्या भिंतीला लोणा (पांढरा क्षार) धरतो का, ते ज्यांनी वापरली असेल त्यांनी सांगावं. ऑर्डर अजून दिलेली नाही.