एफसीसी की ट्राय : निवडणुकीचा परिणाम कुठे अभ्यासावा?

निवडणुकांमुळे दूरसंचार नियमन कसे बदलते, यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीला अमेरिकेचा एफसीसी (फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन) आणि भारताचे ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) या नियामक संस्थांतून निवड करायची आहे. दोन्ही संस्था स्वतःला स्वायत्त म्हणवत आल्या (एफसीसीने मात्र डिसेंबर २०२५ मध्ये ते म्हणणे सोडले). तो दावा तूर्त बाजूला ठेवू.

एफसीसीच्या पाच सदस्यांपैकी एका पक्षाचे तीनपेक्षा अधिक असू शकत नाहीत आणि प्रमुख कोण हे राष्ट्राध्यक्ष ठरवतात; त्यामुळे सत्तांतरानंतर आयोगातील बहुमतही फिरते. नेट न्यूट्रॅलिटीचे (इंटरनेट कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी, या तत्त्वाचे) नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परतले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले.

ट्रायमध्ये पक्षनिहाय जागा नाहीत; नेमणुका केंद्र सरकार करते. भेदभावी डेटा-दरांवरील (संकेतस्थळानुसार वेगवेगळे दर आकारण्यावरील) २०१६ ची बंदी पुढील दोन लोकसभा निवडणुकांनंतरही टिकली (अर्थात, पंतप्रधानही तेच राहिले). इथे निवडणुकीचा ठसा थेट कायद्यावर उमटतो : मे २०१४ मध्ये नव्या सरकारने ट्रायच्या माजी अध्यक्षांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमता यावे म्हणून वटहुकूम काढून ट्राय कायदाच बदलला.

श्रमांच्या दृष्टीने एफसीसी सोपा, कारण सदस्यांची मते आणि भिन्नमतपत्रे प्रसिद्ध होतात. नियमांची उलटापालट मोजायची असेल तर तोच घ्यावा. नियामकावरील सरकारी पकड समजून घ्यायची असेल, तर वेळ हाताशी ठेवून ट्राय निवडावे.